घरी लिहिलेला स्पेक्ट्रम गेम कॅसेटपर्यंत कसा न्यायचा

इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) यान उडतं, गोळी सुटते, स्कोअर वाढतो. इथे बहुतेकांना वाटतं की काम झालं, आता गेम लोकांसमोर ठेवायला हरकत नाही. पण इम्युलेटर म्हणजे लाड करणारा मामा, तो आपल्या चुका पोटात घालतो. चाळीस वर्षं जुनं यंत्र घालत नाही. गेम अनोळखी माणसाच्या टेबलावर, त्याच्या यंत्रावर, कॅसेटवरून लोड होऊन चालला तरच तो बाहेर आला म्हणायचं. त्यासाठी काय करावं लागतं, ते सांगतो.

उदाहरणाला झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के घेतोय. सिंक्लेअर रिसर्चने १९८२ साली ब्रिटनमध्ये आणलेला हा घरगुती संगणक. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, १६ के रॉम, ४८ के रॅम. तुमचं यंत्र दुसरं असलं तर आकडे बदलतील, कामाचा क्रम साधारण हाच राहील.

१. गेम यंत्राच्या मापाचा आहे का ते बघा

४८के स्पेक्ट्रम सेकंदाला ५० चित्रं दाखवतो आणि दोन चित्रांच्या मध्ये प्रोसेसरला ६९,८८८ टिकटिक (घड्याळाचे ठोके) मिळतात. पडद्याचे ठिपके ६,१४४ बाइटमध्ये मावतात. एलडीआयआर ही सोयीची सूचना वापरून सगळा पडदा कॉपी करायचा म्हटलं तर बाइटमागे २१ टिकटिक, म्हणजे जवळपास १,२९,००० लागतात. एका चित्राचा वेळ संपून दुसऱ्याचाही जवळजवळ संपला, आणि अजून शत्रू हललेला नाही! म्हणून जे हललं तेवढंच पुसायचं आणि तेवढंच काढायचं.

रंगांचं दुखणं सगळ्यांना माहीत असतंच. ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग बसतात, त्यामुळे लाल यान हिरव्या डोंगरावरून गेलं की डोंगरही लाल होतो. यावर फार डोकं फोडू नका. काळी पार्श्वभूमी ठेवा, शत्रूंना मोकळं अंतर द्या, निम्मं काम होतं.

असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा) येत असेल तर पास्मो किंवा एसजेएएसएमप्लस हा असेंब्लर घ्या. सी भाषेची सवय असेल तर झेड८८डीके हा कंपायलर आहे. कोड लिहायचाच नसेल तर आर्केड गेम डिझायनर नावाचं साधन आहे, त्यात चित्रं, खोल्या आणि नियम भरले की गेम तयार होतो. त्याला कमी लेखू नका. खेळणारा साधन विचारत नाही, मेल्यावर पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघतो. आर्केडचा जीव तिथेच आहे. ‘गेम ओव्हर’ची लांबलचक धून वाजवून त्याला ताटकळत ठेवू नका.

२. नाव आणि रूप स्वतःचं ठेवा

जुन्या आर्केड गेमवरून स्फूर्ती घ्यायला कुणाची हरकत नाही, पण किती घ्यायची याला मर्यादा आहे. फिलिप्सने ओडिसी २ या गेम कन्सोलसाठी काढलेला ‘के. सी. मंचकिन’ हा गेम १९८२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रोखला, कारण तो पॅकमॅनच्या फार जवळ गेला होता. भूलभुलैया आणि ठिपके न्यायालयाने सोडून दिले, खाणारा प्राणी आणि भुतं यांच्या रूपावर बोट ठेवलं. तेव्हा कल्पना घ्या, पात्रं आणि नाव स्वतःचं ठेवा. संगीत किंवा फाँट दुसऱ्याचा असेल तर परवानगी लेखी घ्या. रॉममधलाच फाँट वापरलात तर हा प्रश्न येत नाही. तो यंत्रात आधीच बसलेला आहे, तुम्ही त्याची प्रत वाटत नाही.

३. इम्युलेटर जे झाकतो ते उघडं करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

माझ्या पहिल्या गेमची चाचणी मी फक्त इम्युलेटरवर केली होती. एका मित्राने तो खऱ्या यंत्रावर चढवला आणि त्याचा निरोप आला: “हा आपोआप खेळतोय.” यान आपोआप डावीकडे जाऊन भिंतीला चिकटलं होतं आणि गोळ्या थांबत नव्हत्या. कारण साधं होतं. मी केम्पस्टन जॉयस्टिकसाठी पोर्ट ३१ (प्रोसेसर बाहेरचं उपकरण ज्या क्रमांकावर वाचतो तो) सतत वाचत होतो. माझ्या इम्युलेटरमध्ये जॉयस्टिक कायम जोडलेली, त्यामुळे हात लावला नाही की शून्य यायचं. मित्राकडे जॉयस्टिकचं इंटरफेसच नव्हतं. अशा वेळी त्या पोर्टवर बहुतेकदा २५५ वाचलं जातं, म्हणजे चारही दिशा आणि फायर, सगळं एकदम दाबलेलं. उपाय म्हणजे सुरुवातीला मेनू द्यायचा, १ कीबोर्ड, २ केम्पस्टन, आणि निवडल्याशिवाय पोर्ट ३१ ला शिवायचंच नाही.

कीबोर्डचीही अशीच गंमत आहे. पोर्ट २५४ वाचल्यावर पाच कळांची माहिती बिट ० ते ४ मध्ये येते, दाबलेल्या कळेचा बिट शून्य होतो. बिट ६ मात्र कॅसेटच्या इअर जॅकचा आहे, आणि जुन्या इश्यू २ बोर्डवर (यंत्राच्या सर्किटची आवृत्ती) तो एक तऱ्हेने वागतो, इश्यू ३ वर दुसऱ्या. पूर्ण बाइटची २५५ शी तुलना करणारा गेम एका यंत्रावर चालतो, दुसऱ्यावर बधिर होतो. वाचल्याबरोबर ‘अँड ३१’ करा, म्हणजे बिट ० ते ४ एवढेच उरतात, मग ३१ शी तुलना. एका ओळीचं काम आहे. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये इश्यू २ चा पर्याय असतो, तो चालू आणि बंद अशा दोन्ही प्रकारे गेम खेळून बघा.

तिसरी जागा इंटरप्टची, म्हणजे दर चित्राला चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसऱ्या कामाकडे नेणाऱ्या इशाऱ्याची. स्वतःचं इंटरप्ट लावायला मोड २ वापरतात. त्यात पत्त्याचा अर्धा भाग प्रोसेसरच्या आय रजिस्टरमधून (आतल्या एका कप्प्यातून) येतो आणि अर्धा डेटा बसवरून. त्या बसवर काय असेल याची खात्री नाही, म्हणून २५७ बाइटचा एकसारखा तक्ता भरतात. आयमध्ये २५४ घाला, ६५०२४ पासून २५७ बाइट २५३ ने भरा, म्हणजे बसवर काहीही आलं तरी उडी ६५०२१ वरच पडते. तिथे तक्त्याआधी बरोबर तीन बाइट मोकळे उरतात आणि जेपी ही उडी मारायची सूचना तीनच बाइटची असते. इतकं नेमकं बसलेलं गणित क्वचित बघायला मिळतं. पण जागा वाचवायला तक्ता खालच्या मेमरीत नेऊ नका. आयची किंमत ६४ ते १२७ झाली की ४८के यंत्राच्या पडद्यावर बर्फासारखे ठिपके भुरभुरतात, आणि साध्या इम्युलेटरवर यातलं काहीच दिसत नाही.

एवढं केलं की ४८के आणि १२८के, दोन्ही मॉडेलांवर तपासा. १२८के मध्ये एका चित्राला ७०,९०८ टिकटिक असतात, म्हणून बॉर्डरवर रंगीत पट्टे काढणारा कोड तिथे सरकतो.

४. टेप बांधा

वाटपासाठी टॅप फाइल (कॅसेटवरच्या माहितीची संगणकातली प्रत) करा. छोटा बेसिक लोडर (बाकीचं टेपवरून आत आणणारा प्रोग्राम), मग ६,९१२ बाइटचं लोडिंग चित्र, मग गेमचा कोड. लोडरमध्ये ‘क्लिअर ३२७६७’ करून स्टॅक (प्रोसेसरची तात्पुरत्या नोंदींची जागा) खाली ठेवा आणि कोड ३२७६८ पासून वर बसवा. तिथली मेमरी वेगवान आहे. खालचे १६ के प्रोसेसरला पडदा काढणाऱ्या चिपबरोबर वाटून घ्यावे लागतात.

इथे नवखे हमखास फसतात. सुंदर चित्र लोड होतं, आणि पुढच्या ब्लॉकचं हेडर येताच रॉम त्या चित्रावरच ‘बाइट्स’ आणि फाइलचं नाव छापतं. चित्र लोड झाल्यावर, कोड लोड करण्याआधी ‘पोक २३७३९, १११’ टाका, छपाई बंद होते.

लोड होण्याचा वेळही मोजा. रॉमचा वेग सरासरी दीड हजार बिट सेकंदाला. २५ के कोडला सव्वादोन मिनिटं, चित्राला आणखी ३५-४० सेकंद. कोड झेडएक्स० या कॉम्प्रेसरने आवळून टाकलात तर वाट बघणं बरंच कमी होतं. टर्बो लोडरच्या नादी मात्र लागू नका. वेगवान सिग्नल आधी खराब होतो, आणि लोड न झालेला गेम कितीही चांगला असला तरी काय उपयोग!

५. खऱ्या यंत्रावर चढवा

टॅपची वेव्ह फाइल करा आणि फोनवरून इअर जॅकमध्ये वाजवा. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद, नोटिफिकेशन बंद. एक मेसेज आला की लोडिंग गेलं. एमपी३ करू नका, त्या आवळण्यात सिग्नलच्या कडा बोथट होतात. एसडी कार्डवरून लोड होणं ही वेगळी चाचणी आहे, ती कॅसेटची जागा घेत नाही. स्वतःकडे यंत्र नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला आधी फाइल द्या आणि तो लोड करेपर्यंत प्रकाशनाची तारीख जाहीर करू नका.

६. बाहेर काढा

झिप फाइलमध्ये टॅप आणि अर्ध्या पानाची माहिती ठेवा: कोणत्या मॉडेलवर चालतो, कळा कोणत्या, गेम पुढे वाटायला मुभा आहे का. कळा क्यू, ए, ओ, पी ठेवल्यात तर जुन्या खेळाडूंना सांगावंही लागत नाही. आवृत्तीचा क्रमांक गेमच्या पहिल्या पडद्यावर लिहा. ‘चालत नाही’ अशी तक्रार आली की कोणती फाइल, हे त्यावरूनच कळतं. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर गेम ठेवणं सोपं आहे, आणि स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंगच्या संग्रहात नोंद झाली की तो पुढेही सापडतो.

कॅसेट काढायची असेल तर साधी टाइप १ घ्या. टेपच्या सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर काही रेकॉर्ड होत नाही, म्हणून दहा सेकंद सोडून सुरू करा, आणि एकाच बाजूवर गेम लागोपाठ दोनदा भरा. पहिला खराब निघाला तर दुसरा आहे. मास्टर कॅसेट तीनदा लोड करून बघितली की तिच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या तोडा, म्हणजे तिच्यावर चुकून गाणी रेकॉर्ड होणार नाहीत.