डॉल्फिन ट्रेनर व्हायचंय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे कुत्रा शिकवायला देणाऱ्या घरांतूनच हा प्रश्न येतो. "ताई, हिला डॉल्फिन ट्रेनर व्हायचंय. काय करावं लागेल?" मी ठाण्यात कुत्र्यांना शिकवते, आणि हा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण मी रोज वापरते ती पद्धत डॉल्फिनच्या तलावांतून आमच्यापर्यंत आली आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मरियन ब्रेलँड यांनी बक्षीस देऊन शिकवण्याचे प्रयोगशाळेतले नियम प्रत्यक्ष प्रशिक्षणात आणले. १९६०च्या दशकात कॅरन प्रायर हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये त्याच नियमांवर डॉल्फिनना शिकवत होत्या. पुढे कुत्र्यांसाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की "टिक" असा आवाज करणारी हातातली छोटी डबी, लोकप्रिय करण्यात त्यांचाच मोठा वाटा होता. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, ओढून आणता येत नाही, रागावलात तर तो सरळ तलावाच्या पलीकडच्या टोकाला निघून जातो. त्यामुळे या कामात जे काही बिघडतं ते आधी ट्रेनरच्या वागण्यात शोधावं लागतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका तिथल्याच आहेत.

भारतात नोकरी मिळेल असं धरून चालणं

मिळणार नाही. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन पाळून खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी देऊ नये, असं राज्यांना कळवलं. त्या सुमारास कोकणातही डॉल्फिन पार्कचे बेत चर्चेत होते, ते मागे पडले. त्याआधी १९९८ मध्ये चेन्नईजवळ परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्या समुद्रातले डॉल्फिन अनुसूची एकमध्ये येतात, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पकडणं, पाळणं, खेळ करणं हे सगळं बंद आहे आणि ते बंद राहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून "डॉल्फिन ट्रेनर सर्टिफिकेट, शंभर टक्के प्लेसमेंट" अशी जाहिरात स्टेशनबाहेर दिसली तर एकच प्रश्न विचारा: प्रात्यक्षिक कुठल्या तलावात, कुठल्या प्राण्यावर? उत्तर आलं नाही तर फी भरू नका. आईवडिलांनाही हे सांगा, कारण बऱ्याचदा पैसे तेच भरतात.

परदेशात काम आहे, दुबईत आहे, अमेरिकेत आहे, जपानमध्ये आहे. पण दारं हळूहळू लहान होत आहेत. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा करून नव्याने डॉल्फिन-देवमासे पाळणं बंद केलं, फ्रान्सने २०२१ मध्ये शोवर बंदीचा कायदा केला, मेक्सिकोने २०२५ मध्ये. तेव्हा "आयुष्यभर शो करीन" असा बेत आखू नका. प्राण्याचं वर्तन समजणं, त्याच्या मर्जीने त्याला वैद्यकीय तपासणीसाठी तयार करणं ही कौशल्यं मिळवा. ती प्राणिसंग्रहालयात, बचाव केंद्रात, संशोधनातही लागतात.

पोहण्यावरच सगळा भर देणं

पोहणं यायलाच हवं. महापालिकेच्या तरणतलावात रोज लांब पल्ल्याचा सराव करा, जीवरक्षकाच्या देखरेखीखाली श्वास रोखून पाण्याखालून अंतर कापायला शिका, जमलं तर स्कूबाचं प्रमाणपत्र घ्या. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, प्रशिक्षण केंद्र आहे. पण निवडीच्या वेळी जीवशास्त्र किंवा मानसशास्त्राची पदवी, कुठल्या तरी प्राण्याबरोबर केलेलं खरं काम आणि माईक हातात घेऊन लोकांशी नीट बोलता येणं, हेही तितक्याच बारकाईने पाहिलं जातं. ठाण्यात चेंदणीचं बांदोडकर कॉलेज खाडीला लागूनच आहे, तिथे प्राणिशास्त्र शिकता येतं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे वन्यजीवशास्त्रात जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. हे रस्ते लांबचे असले तरी खात्रीचे आहेत.

शिट्टी उशिरा वाजवणं

माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य हेच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. डॉल्फिन तलावाच्या मध्यावर उडी मारतो तेव्हा मासा तुमच्याकडे, काठावर असतो. मासा त्याच्या तोंडात पडेपर्यंत काही सेकंद जातात आणि तोवर त्याने आणखी चार गोष्टी केलेल्या असतात. मासा नेमका कशाचा मिळाला हे त्याला कळावं म्हणून शिट्टी. ट्रेनर तिला "ब्रिज" म्हणतात: हवी ती कृती आणि बक्षीस यांच्यामधला पूल. उडीच्या ऐन टोकाला शिट्टी वाजली तर तो उंची शिकतो. पाण्यात परत पडताना वाजली तर पडणं शिकतो.

हे घरच्या कुत्र्यावर स्वच्छ दिसतं. मागे वसंत विहारमधल्या एका घरी कॉलेजात जाणारी मुलगी तिच्या लॅब्राडॉरला पंजा द्यायला शिकवत होती. कुत्रा पंजा उचलायचा, ती खूश होऊन आधी "अरे वा" म्हणायची, मग क्लिकर दाबायची. तेवढ्यात पंजा खाली आलेला असायचा. आठवडाभराने कुत्रा पंजा जेमतेम जमिनीवरून सुटेल इतका उचलून झटकन खाली ठेवू लागला आणि खाऊसाठी तिच्या तोंडाकडे बघू लागला. ती म्हणाली, "हा आळशी झालाय." मी मोबाईलवर व्हिडिओ काढून तिला संथ गतीने दाखवला. प्रत्येक वेळी क्लिक पंजा खाली जाताना पडत होता. कुत्र्याने शिकवलं ते अचूक उचललं होतं.

सराव साधा आहे. कुणाला तरी चेंडू भिंतीवर मारायला सांगा आणि चेंडू भिंतीला लागेल त्याच क्षणी क्लिक करा. व्हिडिओ काढा, बघा, पुन्हा करा. प्राण्यासमोर उभं राहण्याआधी हे हाताच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

हसरा चेहरा म्हणजे खूश

बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच हसल्यासारखी आहे. तो आजारी असो, चिडलेला असो, चेहरा तोच राहतो. वाचायचं असतं शरीर. जबडे एकमेकांवर आपटून आवाज करणं, तोंड उघडं ठेवून सामोरं येणं, मानेला झटके देणं, शेपूट पाण्यावर जोरात मारणं, अंग ताठ करून बाक देणं: यातलं काही दिसलं तर पाण्यात उतरू नका, उतरला असाल तर शांतपणे बाहेर या. पूर्ण वाढलेला बॉटलनोज दीड-दोनशे किलोंच्या वर सहज जातो. त्याची धडक जिवावर बेतू शकते. "त्याचं माझ्यावर प्रेम आहे" या भरवशावर सुरक्षेचे नियम सैल करणाऱ्याला चांगली टीम ठेवत नाही.

चुकलं की रागावणं, किंवा उपाशी ठेवणं

डॉल्फिनने सांगितलेलं केलं नाही तर दोन-तीन सेकंद शांत राहायचं. चेहऱ्यावर नाराजी नको, मान हलवणं नको, खूण पुन्हा पुन्हा करणं तर नकोच. मग त्याला नक्की जमणारी एखादी सोपी गोष्ट मागायची आणि तिचं बक्षीस द्यायचं. बादली उचलून निघून जाणं ही शिक्षा वाटत नसली तरी शिक्षाच आहे, आणि वारंवार केली तर प्राणी चिडका होतो.

उपाशी ठेवून काम करून घेणं तर सरळ धोक्याचं. डॉल्फिनला लागणारं पाणी मुख्यतः माशांतूनच मिळतं, म्हणजे खाणं तुटलं की पाणीही तुटतं. दिवसाचा ठरलेला आहार त्याला मिळालाच पाहिजे, सराव बरा होवो वा वाईट. मासे सोडून खेळणी, बर्फाचे तुकडे, अंगावरून हात फिरवणं अशी बक्षिसंही बदलून बदलून वापरतात. पुढे काय मिळणार हे ठाऊक नसलं की त्याचा उत्साह टिकतो.

कालपर्यंत करत होता, आज करत नाही: कुठून सुरुवात करावी

समजा रक्त तपासणीसाठी शेपूट ट्रेनरच्या मांडीवर ठेवायला शिकवलंय. शेपटीच्या पात्यातल्या शिरांतून रक्त घेतात. आधी नुसता स्पर्श, मग धरणं, मग ओला कापूस, मग बोथट टोकाचा दाब, आणि शेवटी सुई, अशा पायऱ्या असतात. आज तो नेहमीसारखा उताणा होतो, पण शेपूट काढून घेतो. नवखा ट्रेनर इथे हट्टाने तेच पुन्हा मागतो आणि महिन्यांची मेहनत घालवून बसतो.

सगळ्यात आधी तब्येत. समुद्रातले प्राणी आजार लपवतात आणि मासा नाकारणं किंवा काम टाळणं ही कित्येकदा पहिली खूण असते. डॉक्टरांना कळवा, अंदाज बांधत बसू नका. तब्येत ठीक असेल तर परिसर बघा: नवा पंप सुरू झालाय का, शेजारी ड्रिलिंग चाललंय का, पाण्याच्या रसायनात फरक पडलाय का. आपल्याला ऐकू न येणारे कितीतरी उच्च आवाज डॉल्फिनला ऐकू येतात. मग सोबतचे प्राणी. वरचढ नर जवळ घुटमळत असेल तर दुसरा उताणा व्हायला धजत नाही. त्यानंतर तुमची खूण. दोन ट्रेनरच्या हातांचे कोन वेगळे झाले की प्राण्याला दोन वेगळ्या खुणा दिसतात. आणि हे सगळं जागेवर असेल तर तुम्ही एखादी पायरी गाळून पुढे गेलात. एक नव्हे, दोन पायऱ्या मागे या आणि यश मिळालं की तिथेच सत्र संपवा.

हा शोध घ्यायला नोंदवही लागते. वेळ, काय मागितलं, काय मिळालं, किती खाल्लं, कोण हजर होतं. "आज मूड नव्हता" हे वाक्य नोंद म्हणून चालत नाही.

मासळीच्या खोलीला कमी लेखणं

नव्या ट्रेनरचा निम्मा दिवस तिथेच जातो. गोठवलेले मासे फ्रीजमध्ये हळूहळू सोडवायचे, पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत, एकेक हातात घेऊन तपासायचे, पोट फुटलेला किंवा कातडी फाटलेला बाजूला काढायचा. गोठवलेल्या काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, म्हणून पूरक गोळ्या माशाच्या कल्ल्यात घालून देतात. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात कल्ले उघडून, बोटाने दाबून मासळी निवडायला शिकलेल्या मुलीला इथे खरोखर फायदा आहे. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. मासळीतले जंतू जखमेत गेले की हात सुजतो.

किनाऱ्यावर आलेला डॉल्फिन परत पाण्यात ढकलणं

आपल्या भागात डॉल्फिनशी गाठ पडलीच तर ती अशी पडेल. मुंबई-अलिबागच्या पाण्यात हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन आणि बिनपंखी पॉरपॉइज (डॉल्फिनचा छोटा नातलग, पाठीवर पर नसलेला) आहेत. उरणच्या बाजूला एखादा वाळूवर आला की लोक शेपटीला धरून ओढतात, सेल्फी काढतात, डोक्यावर पाणी ओततात. डोक्यावरचं छिद्र हे त्याचं नाक आहे, पाणी तिथून फुप्फुसात जातं. शेपूट किंवा पर धरून ओढल्याने सांधे निखळतात. आणि तो आजारी म्हणूनच किनाऱ्याला लागला असेल तर पाण्यात ढकललेला पुन्हा बाहेरच येणार.

त्याला पोटावर सरळ ठेवा, परांखालची वाळू उकरून मोकळी करा, अंगावर ओली चादर टाका, श्वासाचं छिद्र उघडं राहू द्या, सावली करा, कुत्री आणि माणसं लांब ठेवा. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. फोनवर नेमकी जागा, भरती चढते आहे की ओहोटी लागली आहे, आणि प्राणी मिनिटाला किती वेळा श्वास घेतो आहे हे मोजून सांगा.