आधी एक थेंब समजून घ्या

एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, आणि ढग यांवर काम सुरू केलं, तेव्हा पहिले तीन महिने मी उपग्रहांच्या नकाशांतच बुडालो होतो. हवेत कण जास्त तिथे ढगही जास्त, असा देखणा आलेख हाती आला आणि मी तो मोठ्या आनंदाने मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "आर्द्रता किती होती?" दमट हवेत सल्फेटचे आणि मिठाचे कण पाणी शोषून फुगतात, फुगले की जास्त प्रकाश विखुरतात, आणि उपग्रहाला तेच कण जास्त वाटतात. ढगही दमट हवेतच जास्त. कणांनी ढग वाढवले, असं त्या आलेखावरून म्हणताच येत नव्हतं.

तेव्हा नकाशे नंतर. आधी एका थेंबापासून सुरुवात करा. पूर्ण स्वच्छ हवेत थेंब बनायला सापेक्ष आर्द्रता कित्येक शे टक्के लागेल. कण असले की शंभरच्या वर एखादा टक्काही पुरतो. कण आणि आर्द्रता यांचं हे नातं सांगणारं, कोह्लर यांनी 1936 मध्ये मांडलेलं समीकरण स्वतःच्या हाताने सोडवा. मग वर चढणाऱ्या हवेच्या एका पुंजक्याचं छोटं मॉडेल लिहा. मी त्यात कण दुप्पट केले, पण थेंब दुप्पट झाले नाहीत, कारण बाष्प तेवढंच आणि वाटेकरी वाढलेले. हे स्वतःच्या कोडमध्ये दिसलं तेव्हा विषय खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

तेवढंच पाणी जास्त थेंबांत विभागलं गेलं, की ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. हा ट्वूमी परिणाम. थेंब लहान राहिल्याने पाऊस लांबतो, ढग टिकतो, असंही मानलं जातं; पण लहान थेंब कडेला लवकर सुकतात, त्यामुळे कधी ढग विरळही होतो. खरा वाद इथे आहे.

आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, हिच्या 2021 च्या अहवालात 1750 पासून 2019 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचा तापवणारा प्रभाव दर चौरस मीटरला 2.16 वॅट, तर एरोसोलचा उणे 1.1, म्हणजे थंडावा देणारा, आहे, पण हा उणे आकडा 0.4 ते 1.7 यांत कुठेही असू शकतो. कणांनी तापमानवाढ किती झाकली हे कळल्याशिवाय पुढची वाढ नेमकी सांगता येत नाही. म्हणून 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यावर आली आणि धुरातून येणारे सल्फेटचे कण घटले, तो बदल जरूर अभ्यासा. इतका मोठा प्रयोग मुद्दाम कुणी करू शकलं नसतं.

जागतिक मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची, ढग त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे ढगाखालचा हवेचा वर जाण्याचा वेग अंदाजाने द्यावा लागतो. मॉडेल चालवण्याआधी तो अंदाज लिहिलेला फोरट्रान या संगणकभाषेतला भाग उघडून ओळ न् ओळ वाचा. काही मॉडेलांत थेंबांच्या संख्येला किमान मर्यादा घातलेली असते. ती एकच संख्या बदलून पाहा. एरोसोलमुळे येणाऱ्या थंडाव्याचा आकडा हलतो.