शिंगाड्याचं बी सुकू देऊ नका

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या पट्ट्यात. मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीला लागूनच आम्हा ढिवरांची घरं. मासोळी, शिंगाडा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, यावरच वर्ष निघतं. त्यातला शिंगाडा मला सासूबाईंनी शिकवला, तोच सांगते.

सगळ्यात जपायचं ते बी. डिसेंबरच्या शेवटच्या तोडीतले पूर्ण पिकलेले, पाण्यात बुडणारे शिंगाडे निवडा आणि मडक्यात पाण्याखालीच ठेवा. दोन-चार दिवसांनी पाणी बदला. धानाच्या बियाण्यासारखं हे कोरडं ठेवायचं नसतं, सुकलं की उगवत नाही. पहिल्या साली मी पडवीत पसरून ठेवलं आणि सगळं गेलं. फेब्रुवारीत कोंब आले की गुडघाभर पाण्याच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, टाका.

लावणीआधी तलावाची चौकशी करा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून आता ठेका लागतो. ठेका कोणाकडे आहे आणि पाण्यात गवत्या, म्हणजे पाण्यातलं गवत-पानं खाणारा मासा, सोडलाय का, दोन्ही विचारा. एका साली आम्हाला न सांगता गवत्या सोडला. पोळ्यापर्यंत पानं संपली, नुसते देठ तरंगत होते. बायांची अख्ख्या हंगामाची मजुरी त्यात गेली. गवत्या असेल तिथे शिंगाडा लावूच नका.

पाऊस लागून तलाव चढला की बोडीतले वेल उपसा. तीन-चार वेलांची जुडी बांधा आणि मुळं पायाच्या अंगठ्याने गाळात दाबा. दोन जुड्यांत दोन-तीन हात जागा सोडा, पानं फार पसरतात.

पानांवर भुंग्याच्या अळ्या दिसल्या तर हाताने वेचा, अंड्यांची पानं खुडून पाळीवर आणा. औषध फवारू नका. तेच पाणी गुरं पितात, त्यातच आपली मासोळी.

दसऱ्याच्या सुमारास तोड लागते. हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर बसून वेल उलटा. हलक्या हाताने सुटला तो पिकला, ओढावा लागला तो राहू द्या. शिंगांना धरू नका, काटा बोटात मोडतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फेरी करा, नाहीतर पिकलेले गळून गाळात जातात.

सालीसकट गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, झाकण ठेवून उकडा. पहाटे उकडून गरम गरम नेला तर बस स्टँडवरच टोपली रिकामी होते. उरलेला सोलून कडक वाळवा आणि एकादशीच्या आधी पीठ दळून ठेवा.