इंटेक पाईप बदलायचाय? आधी तेल पुसायची तयारी करा

डिझेल पिकअपला टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती दाबलेली, तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत हवा नेणारे पाईप बदलायचे ठरवले असतील, तर बॉनेट उघडण्याआधी काय काय हाताशी हवं ते लिहितोय. पान्यांची यादी किटच्या खोक्यात छापून येते, ती तिथेच वाचा. दहा-बारा नंबरच्या गोट्या (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, पक्कड, टॉर्च एवढंही घरी नसेल तर हे काम गॅरेजला द्या. मी लिहितोय ते छापील यादीत नसतं. त्यातलं बाकी काही राहिलं तर काम लांबेल, एक गोष्ट राहिली तर पाईप रस्त्यात निघेल. ती गोष्ट म्हणजे सांध्यांवरचं तेल. होज (पाईप जोडणारी रबरी किंवा सिलिकॉनची नळी) आतून, पाईप बाहेरून, इंटरकूलरचं तोंड चहूबाजूंनी, सगळं पुसून कोरडं ठणठणीत करायचं.

गेल्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. पाईप नवे, होज नवे, क्लॅम्प (होज आवळणारे पट्टे) जाडजूड, सगळं नीट आवळलेलं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि फाट्‌दिशी इंटरकूलरवरचा होज निघाला. डिझेल गाडी अशाने बंद पडत नाही, पण टर्बोने दाबलेली हवा सगळी बाहेर जाते, ताकद संपते आणि मागे काळ्या धुराचा लोट सुटतो. घाटात पुढे-मागे ट्रक असताना हे फार वाईट. नंतर पाहिलं तर क्लॅम्प जागच्या जागी आवळलेला होता, होजच त्याच्यासकट घसरून आला होता. आत बोट फिरवलं तर ते तेलाने चकाकत होतं.

तेल येतं कुठून, असं विचारणारे बरेच असतात. इंजिनच्या क्रँककेसमधली (खालच्या, तेलाच्या भागातली) वाफ नळीने परत इंटेकमध्ये सोडलेली असते, तिच्यासोबत तेलाचा बारीक तुषार येतो. थोडं टर्बोच्या सीलमधून येतं. म्हणजे गाडी धडधाकट असली तरी हे पाईप आतून ओलसर असणारच. आता हिशोब करा. अडीच इंची पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस सेंटिमीटर. दाब १.४ बार धरला, तर सांधा उपसायला निघालेलं बळ ४५ किलोच्या घरात जातं. ते अडवायचं कोणी? होज आणि धातू यांच्यातल्या पकडीने. तेलकट हातांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून बघा, म्हणजे पकड म्हणजे काय ते कळेल. क्लॅम्प कितीही आवळा, मध्ये तेल असेल तर तो होजला फक्त दाबतो, धरत नाही.

म्हणून खरेदीची सुरुवात पाईपपासून न करता ब्रेक क्लीनरपासून करा. दोन कॅन घ्या, एक पुरत नाही. नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, तेही चालतं. रॉकेल आणि डिझेल नको, दोन्ही स्वतःच थर सोडतात. पेट्रोल अजिबात नको. पुसायला पांढरे कागदी टॉवेल आणा. जुना बनियन किंवा रंगीत फडकं घेतलंत तर तेल गेलं की नाही ते दिसणार नाही, वर धागे आत राहतील. एक जुना टूथब्रशही ठेवा. इंटरकूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडाला कडेशी एक उठावदार कंगोरा असतो. त्याच्या मागच्या खाचेत डांबरासारखी काळी-तपकिरी रेघ बसलेली असते. वरवर पुसलं की तोंड चकचकीत दिसतं आणि आपण पुढे जातो, पण ती रेघ तिथेच राहते. गरम झाली की तीच पाघळते आणि होजखाली पसरते. ब्रश क्लीनरमध्ये बुडवून खाच घासा, कागदाने पुसा, पुन्हा घासा. कागद पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. क्लीनर रबरावर थेट फवारू नका, कागदावर घेऊन पुसा. एअर फिल्टरजवळच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर तर ब्रेक क्लीनरचा थेंबही नको. आणि दोन्ही द्रव पेट घेतात, तेव्हा बेसमेंटमधल्या बंद पार्किंगमध्ये हे करू नका.

नवा माल पुसायची काय गरज, असं म्हणू नका. नव्या पाईपवर कापताना वापरलेलं तेल किंवा पॉलिश असतं आणि नवे सिलिकॉन होज आतून साच्याची पूड नाहीतर चिकटसर थर घेऊन येतात. तेही पुसायचे.

इंटरकूलर आदल्या रात्रीच निथळायला लावा. त्याच्या खालच्या अंगाला तेल साचतं. सकाळी तोंड स्वच्छ पुसता आणि होज आणायला वळता तेवढ्यात आतून एक ओघळ त्याच तोंडावर उतरतो. खालचा होज काढा, खाली ट्रे ठेवा, रात्रभर राहू द्या. चमचा-दोन चमचे निघालं तर काळजी नाही. वाटीभर निघालं तर पाईपचं काम तिथेच थांबवा आणि टर्बो तपासून घ्या. डिझेल इंजिन साचलेलं तेल ओढून त्यावरच पळू शकतं, मग चावी फिरवूनही बंद होत नाही. निथळून झालं तरी शेवटचं पुसणं होज चढवण्याच्या क्षणी करा, आधी नाही. आणि हातमोजे बदलून. त्या मोज्यांनी तुम्ही आत्ताच जुना पाईप धरला होतात.

क्लॅम्पविषयी. किटमध्ये फटी असलेल्या पट्टीचे साधे स्क्रूवाले क्लॅम्प आले असतील तर बाजूला ठेवा. सिलिकॉन मऊ असतं, त्या फटींत ते घुसतं आणि कापलं जातं. टी-बोल्ट क्लॅम्प घ्या, आतून गुळगुळीत पट्टीचे. नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांत मिळतात, मात्र होजचा बाहेरचा व्यास मोजून न्या, पाईपचा नको. जुन्या बाजारातून हत्यारं आणा हवी तर, क्लॅम्प आणू नका. आटे थोडे जरी बसलेले असतील तर हाताला घट्ट लागतो आणि पट्टी सैलच राहते. आवळायला इंच-पाउंडमध्ये मोजणारा लहान टॉर्क पाना लागतो, चाकाच्या नटांचा मोठा पाना इथे कामाचा नाही. आकडा किटच्या कागदावर असतो तोच घ्या. जास्त आवळल्याने तेलाची भरपाई होत नाही, हे पुन्हा सांगतो.

काही जण तयार किट न घेता भोसरीकडच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पाईप वाकवून, वेल्ड करून घेतात. काम छान होतं, पैसेही वाचतात, पण टोकांना कंगोरा काढून घ्याच. सपाट टोक असेल तर पाईप ताब्यात घेऊ नका. क्लॅम्प कंगोऱ्याच्या मागे बसला तरच त्याला अर्थ आहे. वर्कशॉपमधून आलेल्या पाईपच्या आत कापलेला कीस असतो, वेल्डचे मणी असतात. टॉर्च लावून आत बघा, घासा, भांड्याच्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. हा कीस सरळ सिलिंडरमध्ये जाणार आहे, तिथे वाटेत फिल्टर नाही.

गाडी उघडण्याआधी किट जमिनीवर मांडून जुन्या पाईपच्या फोटोशी ताडून बघा. मुख्य म्हणजे मॅप सेन्सरची जागा. हवेचा दाब मोजणारा हा सेन्सर बऱ्याच गाड्यांत पाईपवरच एक-दोन स्क्रूंनी बसलेला असतो आणि तो जुन्यावरून काढून नव्यावर लावायचा असतो. स्क्रू बहुधा टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) डोक्याचे, साधा पेचकस घातलात तर डोकं खाल. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) जुन्या पाईपच्या भोकात चिकटून राहते आणि सेन्सर तिच्याशिवाय नव्यात बसतोही, म्हणून लक्षात येत नाही. नवी ओ-रिंग आणून ठेवा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. हिला मात्र तेलाचं बोट लावायचं, आत सरकताना चिरू नये म्हणून. अख्ख्या कामात तेल लावायची जागा ही एवढीच. होजला नाही.

पाईप काढल्यावर उघडी तोंडं बुजवायला फडकी लागतात. भडक रंगाची घ्या, प्रत्येकाला सुतळी बांधा आणि सुतळी बाहेर लोंबती ठेवा. किती घातली ते आरशावर मास्किंग टेप लावून लिहा. इंजिनच्या तोंडात राहिलेलं फडकं चालू करताच आत ओढलं जातं.

कायद्याचंही आधीच ठरवा. काही किटमध्ये ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करायची पत्र्याची चकती येते. ती लावू नका. धुराच्या यंत्रणेला हात लावणं आणि हवेचा पाईप बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, शक्यतो लेखी. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर अधिकच जपा. हवा गळली की काजळी वाढते, ती मागे धुराच्या नळीतल्या फिल्टरमध्ये साठते आणि तो भाग महाग आहे. सांधा गळायचं पहिलं कारण काय, ते वर लिहिलंय.

फक्त पाईप बदलून गाडी उडायला लागेल अशी अपेक्षा असेल तर पैसे वाचवा. कंपनीचे प्लास्टिकचे पाईप वयाने तडकतात, रबरी होज तेलाने मऊ होऊन फुगतात, पाय दाबल्यावर ताकद उशिरा येते. ते सगळं यातून जातं. माल भरून घाट चढणाऱ्या गाडीला एवढं पुष्कळ आहे.

आता कामाचा दिवस. रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. पावसाचे दिवस टाळा, ओल्या हवेत पुसलेलं तोंड पुन्हा दमट होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर खाली जाड पुठ्ठा टाका, फरशीवर तेलाचा डाग पडला की पुढच्या मीटिंगमध्ये तोच विषय. गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळ्यांची ओट. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. स्क्रू-क्लिपा वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. बंपरखालच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतातच, जास्तीच्या आणून ठेवा.

बसवताना आधी सगळं सैल लावा, पाईप पंख्याला, पट्ट्याला, एसीच्या नळीला घासत नाहीत ना ते बघा. इंजिन माउंटिंगवर हलतं, बोटभर जागा सगळीकडे हवी. होज चढत नसेल तर मोह होईल, पण वंगणाचा स्प्रे नाही, ग्रीस नाही, साबण नाही. तेच अल्कोहोल आत फिरवा, होज सरकतो आणि ते उडून जातं. जागेवर बसला की होजच्या कडेला पाईपवर मार्करने रेघ मारा. पुढे होज सरकला तर रेघेपासून फट दिसते, निघायच्या आधीच कळतं. मग आवळा. फडकी मोजा. बॅटरी जोडा.

चालू करून जागेवर ऐका, सूं आवाज येतोय का. मग बोपदेव घाटाला एक फेरी, रिकाम्या गाडीने. परत आल्यावर गाडी थंड झाली की रेघा बघा, क्लॅम्प पुन्हा टॉर्कला लावा. शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा. रेघ सरकलेली दिसली तर आवळत बसू नका, होज उतरवा आणि पुसा. चेक इंजिनचा दिवा लागला तर आधी मॅप सेन्सरचा कनेक्टर आणि ती ओ-रिंग. पीयूसी करून घ्या. जुने पाईप टाकू नका, वॉरंटीला लागतील. दोन क्लॅम्प गाडीत ठेवा, उरलेला क्लीनर नको, उन्हात कॅन तापतो.