बर्लिनला शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या लेकरांसाठी

मी मूळची उदगीरची. 2013 च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आले, मग इथंच नोकरी लागली, इथंच राहिले. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची पाच-सात लेकरं कुणाच्या न कुणाच्या ओळखीनं माझ्यापर्यंत येतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका करून आलेली असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय.

व्हिसा, एपीएस (आपल्या डिग्रीचे कागद तपासून मिळणारं सर्टिफिकेट) वगैरे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, ते सोडून देते. ब्लॉक अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्याबद्दल एकच सांगते. वर्षाचे 11,904 युरो भरले म्हणजे हातात पैसा आला असं नाही, महिन्याला 992 च मिळतात आणि तेही इथं बँक खातं उघडल्यावर. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, गादी, जॅकेट सगळं तुमच्या खिशातून जातं. दोन महिन्यांचे पैसे वेगळे घेऊन या. घरच्यांनी कर्ज काढलंय, कुणी वावर गहाण ठेवलंय हे मला माहितेय, पण आल्या आल्या ओळख ना पाळख अशा माणसाकडं उसने मागायची वेळ यायला नको.

आता विमा. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा.

इथं युनिव्हर्सिटीत प्रवेश पक्का करायला आरोग्य विमा लागतोच लागतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा विमा मिळतो, सध्या महिन्याला साधारण 140-150 युरो पडतात. आणि बाजारात तीस-चाळीस युरोवाले स्वस्त विमेही असतात. मी आले तेव्हा सरकारी विमा ऐंशीच्या आसपास होता, आणि आपल्याकडच्या एका कन्सल्टन्सीवाल्यानं मला पॅकेजमध्ये तीसवाला लावून दिला. महिन्याला पन्नास युरो वाचले म्हणून मी लई खूश होते, अण्णांना फोन करून सांगितलंही. त्यानं एक जर्मन फॉर्म पाठवला होता, खाली पेन्सिलीनं फुली मारलेली, इथं सही करा. मी केली. त्या फॉर्मवर वर ठळक अक्षरात एक शब्द होता, बेफ्रायुंग, म्हणजे सूट. मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं की मला सरकारी विम्यातून सूट द्या.

जानेवारीत दाढ ठणकायला लागली. दोन रात्री लवंग धरून काढल्या, मग डॉक्टरकडं गेले, रूट कॅनल झालं. बिल सहाशेच्या वर. विमा कंपनीचं पत्र आलं की आमच्या पॉलिसीत दुखणं थांबवण्यापुरताच इलाज बसतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. व्हिसा वाढवायला गेले तर तिथल्या बाईंनी पॉलिसी उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली, हा विमा पुरेसा नाही म्हणाल्या. मी पळत सरकारी विमावाल्यांकडं. तिथला माणूस चांगला होता, त्यानं मला बसवलं, कागद समोर ठेवला, माझीच सही दाखवली आणि म्हणाला ही सूट मागं घेता येत नाही, शिक्षण संपेपर्यंत येत नाही. मग सरकारीपेक्षा महागडा प्रायव्हेट विमा घ्यावा लागला आणि तो भरायला वर्षभर पहाटे पाचला बेकरीत उभी राहिले. नऊच्या लेक्चरला बसायचे तेव्हा डोळे मिटायचे.

म्हणून सांगते, आणि ओरडून सांगते: बेफ्रायुंग असा शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. तिशीच्या आत असाल तर डोळे झाकून सरकारी घ्या. कुणी म्हणालं नंतर बदलता येतं, तर त्याला म्हणा लिहून दे. 2023 ला नांदेडच्या एका पोराला मी फोनवर हेच सांगितलं होतं, तो म्हणाला ताई माझ्या रूममेटनं पण तोच घेतलाय काही होत नाही. त्याचंही तेच झालं. आणि हे विकणारे गोरे नसतात बरं का, बऱ्याचदा आपलेच दोन वर्षं आधी आलेले असतात, त्यांना प्रत्येक नावामागं कमिशन मिळतं. सगळे वाईट नाहीत, पण सल्ला देणाऱ्याला सरळ विचारा की तुला यात काय मिळतं. आपल्याकडं असं विचारायची लाज वाटते, इथं वाटू देऊ नका.

खोली. न बघता पैसे पाठवायचे नाहीत. मालक परदेशात आहे, किल्ली पोस्टानं येईल, आधी डिपॉझिट टाका असं कुणी म्हणालं की तिथंच थांबा. डिपॉझिट कायद्यानं तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तेही हीटिंग वगैरे धरून नव्हे, नुसत्या भाड्याच्या. घर घेताना विचारायचं मुख्य म्हणजे इथं नाव नोंदवता येईल का. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत शहरात नाव नोंदवावं लागतं, आनमेल्डुंग म्हणतात, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. ते नसेल तर पुढं टॅक्स नंबर, व्हिसा सगळं अडतं. अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, भारतातूनच बघायला लागा.

आणि लेटरबॉक्सवर नाव. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. उदगीरला आमच्या पत्त्यावर घर नंबरच नव्हता, नुसतं अण्णांचं नाव आणि चौबारा लिहिलं तरी पोस्टमन काका दारात सायकल लावायचे. इथं पत्ता बरोबर असला तरी डब्यावर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेचं कार्ड असंच दोनदा परत गेलं. शेवटी वहीचा कागद फाडून त्यावर आडनाव लिहिलं, घरमालकिणीच्या नावाखाली चिकटपट्टीनं लावलं, तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. या देशात जे काही महत्त्वाचं असतं ते पत्रानं येतं, फोन करून कुणी आठवण करत नाही. पत्र जर्मनमध्ये असतं आणि त्यात तारीख असते. कळलं नाही तर त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा, गादीखाली सारू नका. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिना 18.36 युरो, टीव्ही नसला तरी भरायचे, माणसामागं नाही, एका घराला एकच असते, तेव्हा चौघं राहत असाल तर वाटून घ्या.

अभ्यासाचं बोलू. आपण लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली माणसं. सकाळी सहाला क्लास, रविवारी टेस्ट, सर घरी फोन करायचे. इथं कुणी विचारत नाही. बऱ्याच विषयांना हजेरी नाही, प्रोफेसरला तुमचं नावही माहीत नसतं, फेब्रुवारीत एकदम परीक्षा आणि बऱ्याच विषयांत सगळे मार्क त्या एकाच पेपरवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोरं म्हणतात ताई इथं काही लोडच नाही. जानेवारीत तीच रडायलेत. पहिल्या आठवड्यापासून एक्सरसाइज शीट सोडवा आणि एखाद्या जर्मन पोराला, पोरीला गटात घ्या, त्यांच्याकडं जुन्या प्रश्नपत्रिका असतात. परीक्षेला वेगळं नाव नोंदवावं लागतं, शेवटची तारीख गेली की गेली. आणि नापास व्हायचीही मर्यादा असते, ठरावीक वेळा झालात की तो कोर्स संपतो, तेव्हा तयारी नसताना उगं बघून येतो म्हणून पेपरला बसू नका. तुमच्या कोर्सची नियमावली काढून हे आधी वाचा. दर सेमिस्टरला परत फी भरून नाव चालू ठेवायचं असतं, ते विसरलात तर नाव कमी होतं.

मार्क उलटे असतात, 1.0 सगळ्यात भारी, 4.0 पास, 5.0 नापास. घरी आधीच समजावून सांगा. वेळापत्रकात दहा लिहून पुढं सी.टी. असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. संपल्यावर टाळ्या नाहीत, बाकावर मुठीनं टकटक करतात, मला ते फार आवडतं.

कामाला 2024 च्या मार्चपासून वर्षाला 140 पूर्ण दिवस परवानगी आहे, तासाला किमान वेतन जानेवारी 2026 पासून 13.90 युरो. पण पहिलं सेमिस्टर काम धरू नका. डिलिव्हरीच्या कामाला लागलेली आणि डिग्री अर्धी राहिलेली पोरं मी बघितलीत, हुशार होती सगळी.

जर्मन शिका. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून लागत नाही असं जो म्हणेल त्याला नोकरी शोधताना भेटा.

इथली माणसं तुसडी आहेत असं सगळे सांगतील. मला नाही वाटत. नाही म्हणजे नाही म्हणतात आणि हो म्हणाले की करतात, मला ते बरं वाटतं. आपल्या मंडळींत मात्र एक सांगते, तुमच्या बोलण्याला हसणारे भेटतील. करायलो, जायलो ऐकून नक्कल करतील. तसंच बोला. गणपतीत जा, जेवून या, दोन चांगली माणसं नक्की भेटतात, पण पाच जणांच्या खोलीत चोवीस तास मराठी-हिंदीत राहून दोन वर्षं काढू नका.

सामानात तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि आईनं कढवलेलं तूप कचऱ्यात जाताना बघवत नाही. काळं तिखट आणा, भरपूर आणा. ज्वारीचं पीठ इथं आफ्रिकन दुकानात मिळतं. फोडणी देताना खिडकी उघडा, छतावरचा धुराचा अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग उठते. नळाचं पाणी बिनधास्त प्या. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा मी इथं भांडी घासताना नळ बंद-चालू करत राहायचे, अजून ती सवय गेली नाही. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा.

डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. ते जड जातं, सगळ्यांनाच जातं, दुपारी जेवून अर्धा तास बाहेर चाला. उन्हाळ्यात आपल्यात आणि इथं साडेतीन तासांचा फरक असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागं जातं आणि साडेचार होतो. तुम्ही रोज पाचला फोन करत असाल तर घरी तो साडेआठला वाजायचा, तो एकदम साडेनऊला वाजतो. आदल्या दिवशी आईला सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोन हातात धरून बसते.