गाडी झटके मारते? क्लच प्लेट बदलण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात मानपाड्याच्या पुलावर चढताना गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन गचके दिले. त्याच संध्याकाळी मी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याला फोन केला आणि म्हणालो, "गाडी झटके मारतेय." त्याने दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट बदलून साडेनऊ हजार घेतले. गाडी परत आणताना कापूरबावडीपर्यंत मी खूश होतो. पुढे मानपाड्याचा पूल आला आणि पुन्हा तेच गचके.

दोष निघाला एका इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या भागात. काढलेली क्लच प्लेट मी मागून घेतली होती, ती अजून आरामात वर्ष-दोन वर्षं चालली असती. गॅरेजवाल्याने रोड टेस्ट घेतली नाही ही त्याची चूक, पण मी त्याला चार शब्दांपलीकडे काही सांगितलंच नव्हतं, ही माझी.

"झटके मारते" एवढंच सांगणं

कॉइल शोधून काढली ती कळव्याच्या एका मिस्त्रींनी. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "साहेब, झटका पाठीला बसतो की पायाला?" मला आधी हसू आलं. नंतर कळलं की अर्धं निदान त्या प्रश्नातच आहे.

क्लच सोडताना पायाखाली थरथर जाणवते, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये गाडी उड्या मारत निघते, आणि क्लच पूर्ण सुटला की सगळं शांत होतं, तर हा पायाचा झटका. क्लचकडे बघा. क्लच पूर्ण सुटलेला आहे, गाडी चाळीसच्या वेगाने चाललीय, ॲक्सिलरेटर दाबला की मागून कुणी ढकलतंय आणि सोडतंय असं वाटतं, तर हा पाठीचा झटका. इथे इंजिनात पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडतंय. तिसरा प्रकार म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताना एक "धप्प" आणि सोडताना एक "धप्प", मध्ये काहीच नाही. तो बहुतेक वेळा इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत "फाउंडेशन", बसल्याचा असतो. रबर फाटलं की इंजिन जागच्या जागी डोलतं.

गॅरेजला जाण्याआधी मोबाइलवर एवढं टिपून ठेवा: इंजिन थंड असताना होतं की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, काटा किती आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असताना, सपाट रस्त्यावर की चढावर, एसी चालू असताना जास्त होतं का, पेट्रोलवर की सीएनजीवर. आणि शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली तेही. झटके सर्व्हिसिंगनंतर दोन-चार दिवसांतच सुरू झाले असतील, तर नवा भाग घालण्याआधी एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणारा पाइप बघायला सांगा. फिल्टर बदलताना क्लॅम्प सैल राहणं, सेन्सरचा कनेक्टर नीट न बसणं, असली कारणं ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण सापडतात नेहमी.

क्लचवर खापर फोडणं

घोडबंदर रोडवर रोज दीड तास काढणाऱ्याच्या मनात क्लचची धास्ती असतेच, आणि गॅरेजवाल्यालाही ते ठाऊक असतं. त्यामुळे "क्लच गेला" हे दोघांनाही पटकन पटतं. खरं तर क्लच स्वतः तपासणं अवघड नाही.

सकाळी लवकर, पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून चौथ्या गिअरमध्ये साधारण चाळीसच्या वेगाने चला आणि ॲक्सिलरेटर झटकन खोल दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय, म्हणजे त्याची पकड सुटतेय. काटा आणि वेग हातात हात घालून वर गेले, तर पकड शाबूत आहे. आणि स्लिप होणारा क्लच गाडीला झटके देत नाही. तो ताकद खातो, चढावर जळका वास सोडतो. म्हणजे "पिकअप नाही" आणि "झटके मारते" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

क्लचमुळे झटके येतात ते गाडी जागेवरून निघतानाच. प्लेट घासून गुळगुळीत झाली, प्रेशर प्लेट तापून वाकली, किंवा इंजिनाचं मागचं ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलं, अशी त्याची कारणं. तेल गळत असेल तर सील न बदलता नुसती प्लेट बदलणं म्हणजे पुन्हा गिअरबॉक्स खाली उतरवायची सोय करून ठेवणं. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उघड्यावर उभी राहिली की फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्याला घट्ट धरते त्या इंजिनाच्या चाकावर) पातळ गंज चढतो आणि पहिल्या दोन-चार वेळा क्लच सोडताना गाडी थरथरते. सोसायटीच्या गेटपर्यंत ती थरथर थांबते. त्यासाठी कुणी क्लच सेट विकू लागलं तर घेऊ नका.

सीएनजीचं बटण दाबून न बघणं

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत अर्ध्या सोसायटीच्या गाड्या सीएनजीवर आहेत. अशी गाडी झटके मारत असेल तर निदानाचं सर्वांत स्वस्त हत्यार डॅशबोर्डवरच असतं. ज्या चढावर झटके येतात त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर गाडी चालवून बघा. मला ऐरोलीचा पूल सोयीचा पडतो.

फक्त सीएनजीवर झटके आले की लोक थेट किट बिघडलं असं धरतात. इथे जरा थांबा. सिलिंडरमधलं हवा आणि गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे स्पार्क प्लग झिजला किंवा कॉइल कमजोर झाली की पहिली बोंब सीएनजीवर होते. पेट्रोलवर तीच कॉइल आणखी काही महिने वेळ मारून नेते. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्लग, मग कॉइल, मग सीएनजीचा फिल्टर, आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचे इंजेक्टर (इंजिनात गॅस सोडणारे नोझल). साधे निकेलचे प्लग पेट्रोलवर ३०-४० हजार किलोमीटर सहज जातात, पण सीएनजीवर एवढी वाट बघू नका. आणि प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, कंपनीच्या पुस्तकात सीएनजीसाठी दिलाय तेवढाच ठेवा, अंदाजपंचे नको.

उलट प्रकारही दिसतो. सीएनजीवर गाडी लोण्यासारखी आणि पेट्रोलवर गचके. हे पेट्रोल वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी ठेवणाऱ्यांचं दुखणं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. शिळं पेट्रोल, सुस्तावलेले इंजेक्टर आणि कायम तळ गाठलेल्या टाकीत चालणारा पंप, सगळं एकत्र भोवतं. पेट्रोलही आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर वापरा.

दोन्ही इंधनांवर सारखेच झटके येत असतील तर इंधनाचा संशय मागे ठेवा. प्लग-कॉइल, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन, हवेची गळती, सेन्सर यांच्याकडे वळा.

कोड न वाचताच पुसणं

इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची तार काढून पुन्हा लावायची आणि दिवा गेला म्हणून खूश व्हायचं, ही जुनी युक्ती. असं केल्याने दिवा जातो, दोष जात नाही. शिवाय तो कोणत्या वेगाला, किती तापमानाला आला होता याची कॉम्प्युटरने ठेवलेली नोंदही जाते. आधी स्कॅनर, म्हणजे कॉम्प्युटरची ही नोंद वाचणारं यंत्र, लावून दोषाचा कोड लिहून घ्या. पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं), पण नेमका कोणत्या सिलिंडरचा हे ठरत नाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी.

मात्र कोड म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे. पी०३०२ आला म्हणून तिन्ही-चारही कॉइल बदलू नका. कळव्याच्या मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी खारेगावपर्यंत फिरवून आणली. आता कोड आला पी०३०३. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे कॉइलच खराब. दोष दुसऱ्यावरच राहिला असता तर प्लग तसाच अदलून बघितला असता, मग इंजेक्टर. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने जबरदस्तीने ढकलू नका, आतली मोटर-गिअरची जुळणी बिघडते. साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरावं ते, स्कॅनरने कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं. हे न केल्याने "साफ केल्यावर जास्तच झटके मारते" अशी तक्रार येते.

लुकलुकणारा दिवा

इंजिनचा दिवा स्थिर लागला तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल आणि गाडी हादरत असेल तर बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. कॉइलचे दीड-दोन हजार वाचवायला जाऊन कन्व्हर्टरचं बिल हातात घ्याल.

पाणी आणि उंदीर

इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे मिसफायर होऊ लागलं, तर प्लगच्या खोबणीत पाणी साचलंय का बघा. कॉइल काढून हवा मारली की काम होतं. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायरिंग कुरतडतात. नेमकी कॉइलची किंवा इंजेक्टरची वायर अर्धवट तुटली तर झटके कधी येतात, कधी नाहीत, आणि स्कॅनरही गोंधळतो. बॉनेट उघडून टॉर्च मारा, लेंड्या दिसल्या तर पुढचं सांगायला नको.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: आधी डिझेल फिल्टर आणि त्यात साचलेलं पाणी, मग टर्बोचा फाटलेला होज (हवेचा रबरी पाइप), मग कार्बनने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप).

गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं होणं

मिस्त्रींना शेजारी बसवा आणि ज्या रस्त्यावर झटके येतात तिथे स्वतः चालवून दाखवा. गॅरेजसमोरच्या सपाट गल्लीत रिकामी गाडी कधीच झटके मारत नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकांची गाडी मीच कळव्याला घेऊन गेलो होतो. तक्रार तीच, "पुलावर झटके मारते." स्कॅनरवर कोड नाही, प्लग नवे, कॉइल ठीक. मिस्त्री काकांना म्हणाले, "चला, तुम्ही चालवा, मी बसतो." विटाव्याच्या चढावर काका पाचव्या गिअरमध्ये, काटा बाराशेवर, पाय ॲक्सिलरेटरवर रेटलेला. ॲव्हरेज चांगलं पडतं म्हणून ते कायम वरच्याच गिअरमध्ये. गाडी गचके देऊ लागली.

"काका, तिसरा टाका."

काकांनी तिसरा टाकला. काटा बावीसशेच्या पुढे गेला आणि गाडी गुपचूप चढून गेली. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, पण काका अजूनही म्हणतात की त्यांनी गाडीत काहीतरी केलं असणार.