लिप बाममध्ये सुगंधी तेल घालायचंय? आधी एवढी तयारी करा

मेण वितळायला ठेवण्याआधी एकूण बाम किती ग्रॅम होणार ते कागदावर लिहून घ्या. थेंबांचा सगळा हिशेब त्या आकड्यावरून होतो. समजा, 7 ग्रॅम मधमाश्यांचं मेण, 8 ग्रॅम शिया बटर आणि 15 ग्रॅम बदाम तेल घेतलं, तर झालं 30 ग्रॅम. त्याच्या अर्धा टक्का म्हणजे 0.15 ग्रॅम इसेन्शियल ऑइल (वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल), साधारण पाच थेंब. एक टक्का म्हणजे दहा. ओठांसाठी मी अर्ध्या टक्क्यावरच थांबते. एक टक्का ही माझी शेवटची रेघ, तीही फक्त सौम्य तेलांना. ओठांची त्वचा पातळ असते आणि लावलेलं बरंचसं बोलता-खाता पोटात जातं. शिवाय नाक ओठांपासून दोन बोटांवर. भांड्यात फिका वाटणारा वास लावल्यावर दिवसभर सोबत राहतो. माझ्या पहिल्या पेपरमिंट बामने तासभर डोळ्यांतून पाणी काढलं होतं, ते याच चुकीमुळे.

थेंब हे माप मुळात बेभरवशाचं आहे. एका बाटलीचा थेंब बारीक, दुसरीचा टपोरा, घट्ट तेलाचा आणखी वेगळा. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर निदान थेंब थेट गरम भांड्यात पाडू नका. आधी काचेच्या वाटीत पाडून मोजा. हात चुकला तर वाटी बाजूला ठेवता येते, सगळा बाम वाया जात नाही.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का? मेंथा पिपरिटा म्हणजे पेपरमिंट आणि मेंथा आर्वेन्सिस म्हणजे दुसरा पुदिना, त्यात मेंथॉल, म्हणजे गारवा देणारं द्रव्य, बरंच जास्त. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर ती वेगळी, बहुधा कृत्रिम सुगंधाची वस्तू आहे, ओठांसाठी चालते असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नकोच. बाटली कधी उघडली तेही आठवा. लिंबूवर्गीय तेलं आणि टी ट्री हवा लागून लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या तेलाने ॲलर्जी होण्याचा धोका ताज्यापेक्षा जास्त असतो.

कोणतं तेल घ्यायचं यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक चुका इथेच होतात. लिंबू, लाइम, बर्गामॉट यांची सालीतून दाबून काढलेली तेलं घेऊ नका. त्यांत फ्युरोकूमरिन असतात. असं तेल लावून उन्हात गेलं की त्वचा पोळते, काळे डाग मागे राहतात, आणि ओठ तर कायम उघडे. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलाला ही अडचण नाही, गोड संत्र्यालाही नाही. दालचिनी मी ओठांच्या जवळपासही आणत नाही. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड त्वचेला एकदा ॲलर्जी जडवतं आणि मग ती सहसा जन्मभर राहते. ‘ओठ भरीव दिसतात’ म्हणून ते घालणारे लोक खरं तर सूज विकत घेत असतात. लवंगही त्याच माळेतली. गंधपुरा (विंटरग्रीन) तेल म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट, पोटात गेलं तर विषारी. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने तर त्यापासून लांबच राहावं. निलगिरी, कापूर आणि टी ट्री गिळण्याच्या वस्तू नव्हेत, मग ओठांवर कशाला? उरतात लॅव्हेंडर, गोड संत्रं, थोडंसं पेपरमिंट. पुरेत की. पेपरमिंटचा गारवाही औषधी समजू नका. मेंथॉल थंडी ओळखणारे मज्जातंतू चेतवतं, फुटलेला ओठ त्याने भरून येत नाही.

बाम कुणासाठी आहे? तान्ह्या आणि लहान मुलांसाठी असेल तर इसेन्शियल ऑइलच नको. मेंथॉलचा वास चेहऱ्याजवळ गेल्याने बाळाचा श्वास अडकू शकतो. गर्भवतीने डॉक्टरांना विचारावं. बदाम तेल वापरणार असाल तर नट्सची ॲलर्जी नाही ना, हेही विचारून घ्या.

भांडी काचेची किंवा स्टीलची आणि पूर्ण कोरडी हवीत. बामात पाणी नसतं म्हणून त्याला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, ओला चमचा गेला की ते गणित मोडतं. व्हिटॅमिन ई घातलं तर तेल उशिरा खवट होतं, जंतू मात्र मरत नाहीत. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, तेव्हा गरम पाण्यावर ठेवलेलं भांडं पुरतं. इसेन्शियल ऑइल आच बंद करून, भांडं खाली उतरवून, कडेचा बाम गोठून धुरकट दिसायला लागला की घाला. ही तेलं पेट घेतात आणि गरम असताना सुगंध उडूनही जातो.

आधी एकच छोटी डबी करा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा बाम लावून 48 तास बघा, खाज किंवा लाली आली तर तो तुमचा नाही. बाटल्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा. कुणी तेल प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा.

डबीवर तारीख, तेलाचं नाव आणि टक्का लिहा. भांडं कोमट असतानाच कागदाने पुसून घ्या, थेट सिंकमध्ये धुतलं तर मेण पाइपात जाऊन बसतं.